नौरंगगंजची चौकशी

११ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी रोजचं बीपी लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही डायरी. कंपनीत स्टोअरला होतो तेव्हा दर दिवाळीला एक मिळायची, कपाटात पडून होत्या. वार जुळत नाहीत, ते खोडून नवे घालतोय. सकाळी बीपी जास्त. संध्याकाळी त्याहून जास्त, कारण सृष्टी कामावरून आली आणि चहाचा कप हातात धरून म्हणाली, "पप्पा, मला मनीषशी लग्न करायचंय."

मनीष म्हणजे तिच्या हिंजवडीच्या ऑफिसातला. घरी येऊन गेलाय. चपला काढून नीट बाजूला ठेवतो, भाकरी आवडीने खातो, माझ्या बायकोशी, शालनशी, मोडकंतोडकं मराठी बोलतो. मला वाटलं मित्र आहे. शालनला तसं कधीच वाटलं नव्हतं, हे आज कळलं. जात आपली नाही, भाषा आपली नाही, गाव उत्तरेला, रेल्वेने रात्र घालवून पुन्हा दिवस घालवावा लागतो एवढं लांब. हे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे रोज लिहायला नको.

मी म्हणालो, "बघू. कळवतो."

सृष्टी म्हणाली, "पप्पा, 'कळवतो' म्हणजे काय ते मला माहितीये."

आमच्याकडे पाहुणे 'कळवतो' म्हणून उठले की समजायचं, नकार आला. पण मी खरंच नकार दिला नव्हता. मला नुसता दम लागला होता.

१२ मार्च, बुधवार

सकाळी टाकीचा कॉक सोडायला मागे गेलो तेव्हा डोक्यात तेच. घराच्या मागे आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत, एका ओळीत, पत्र्याच्या. पूर्वी तिथं भाताचं खाचर होतं. पलीकडचं रान कारखान्याला गेलं, अलीकडे मी खोल्या टाकल्या. पिरंगुटच्या बाजूला कामाला जाणारे भय्ये राहतात. उन्हाळ्यात बोअरला पाणी कमी असतं, म्हणून खोल्यांच्या टाकीचा कॉक मी सकाळी थोडा वेळ सोडतो आणि चेंबरला कुलूप घालतो. न घालून सांगतो कुणाला. धो धो वापरतात.

सृष्टीला विचारलं, मुलाचं गाव कुठलं. म्हणाली नौरंगगंज. म्हटलं हे नाव मी कुठं वाचलंय? मग आठवलं, भाडेकरूंच्या आधार कार्डांवर. पहिला कैलास आला, त्याने आपल्या गावचे आणले, अर्ध्या खोल्या नौरंगगंजच्या आहेत. आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही की ते आहे तरी कसं.

आमचे वडील कोंडिबा माझ्या थोरल्या बहिणीच्या स्थळाची चौकशी करायला मुलाच्या गावी गेले होते. नाव न सांगता कटिंगच्या दुकानात जाऊन बसले. गावाची खबर तिथंच कळते. सकाळी दाढी केली, माहिती अर्धवट मिळाली, म्हणून दुपारी पुन्हा दाढी करायला बसले. गाल सोलवटून घरी आले, पण स्थळ पक्कं करून आले. ताई अजून सुखात आहे.

मला दीड दिवस प्रवास करून दाढी करायची ताकद नाही. पण गावच माझ्या परड्यात राहतंय.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. खोल्यांवर ढोलक वाजत होतं. आज कैलासला ओट्यावर बोलावलं. हा कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये असतो, वय माझ्याहून थोडं कमी. मी सहज विचारतोय असं दाखवलं. खुर्ची दिली तर बसला नाही, पायरीवर टेकला.

म्हणाला, स्टेशनवर उतरलं की पहिल्या विटांच्या भट्ट्या. मग नाला. नाल्यावर पूल. पुलाच्या अलीकडे त्यांची वस्ती. आणि पलीकडे?

"उधर बाज़ार है साहब. काम से जाते हैं, काम करके आ जाते हैं."

मनीषचे वडील शाळेत शिक्षक होते, सगळे मास्टरजी म्हणतात. त्यांच्याबद्दल विचारलं. "देवता आदमी हैं," कैलास म्हणाला. विचारही न करता, लगेच.

मी का विचारतोय हे त्याला कळलेलं नाही. मी तेवढी काळजी घेतली. संध्याकाळी त्याच्या बायकोने शालनला गुजिया आणून दिल्या, होळीच्या उरल्या म्हणून. एरवी कधी देत नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

टाकीचं पाणी लवकर संपतंय. मी सोडतो त्या हिशोबाने दुपारी अर्धी भरलेली पाहिजे, तळ दिसतोय. कुठंतरी गळती आहे. प्लंबरला फोन केला, त्याला वेळ नाही. सृष्टी म्हणाली, "राहू द्या ना पप्पा, तुम्ही कशाला पळापळ करताय." पोरीला माझी काळजी आहे. वाद चालू असतानाही आहे.

आंब्याच्या कलमांना पाइप लावला तेवढ्यात फूलमती बादली घेऊन चालली होती. तिचा नवरा फॅब्रिकेशनला जातो, ती सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. तिलाही विचारलं. तिच्या नौरंगगंजात भट्ट्या नाहीत, नालाही नाही. एक तलाव आहे, त्याच्या पायऱ्या, हातपंप, आणि हातपंपापासून देवीच्या मंदिरापर्यंतची गल्ली. मनीष मागे सांगत होता की गावाच्या मधोमध घंटाघर आहे. ते कसं आहे, विचारलं.

"सुना है, है."

लग्न होऊन पोरं मोठी झाली आणि गावातलं घंटाघर पाहिलं नाही म्हणते. कोण विश्वास ठेवील? पण मास्टरजींचं नाव काढलं तर पदर पुढे ओढून म्हणाली, "देवता आदमी हैं."

२३ मार्च, रविवार

बीपी ठीक. मनीष येऊन गेला. त्याला मी गावाबद्दल मोकळेपणानं विचारलं. त्याचं गाव घंटाघरापासून सुरू होतं. घड्याळ बंद आहे, पण सगळे वेळा तिथूनच सांगतात, घंटाघरला भेटू म्हणतात. मग वाचनालय, वडिलांची शाळा, जिलेबीवाला. बोलताना चेहरा उजळला होता. मी विचारलं, भट्ट्या कुठं आहेत? त्याला जरा आठवावं लागलं.

"हां अंकल, नाले के उस पार. उधर कभी जाना नहीं हुआ."

मग शेवटच्या खोलीतला सौरभ. पार्सलं पोचवतो, कायम हेल्मेट काखेत. तो म्हणाला, "अंकल, वहाँ कुछ नहीं है. बस अड्डा है. बस पकड़ो और निकलो." मास्टरजी? देवता आदमी.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी पेन्सिलीनं नकाशा काढत होतो. चार जणांनी चार नौरंगगंज सांगितले. कैलासच्या गावात तलाव नाही, फूलमतीच्या गावात स्टेशन नाही, मनीषच्या गावात भट्ट्या आठवाव्या लागतात, सौरभच्या गावात काहीच नाही. कुणीतरी खोटं बोलतंय, बहुधा सगळेच. मास्टरजींबद्दल मात्र सगळे एका शब्दाचा फरक न करता बोलले. तेव्हा तेवढं तरी खरं धरायला हरकत नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं म्हणजे ते खरं असतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. जिना चढताना दोनदा थांबलो.

जयसिंग आला होता, चुलतभाऊ. सरपंच होता, पद गेलं, आवाज राहिला. त्याला सगळं कळलेलं आहे. श्रीखंड खाऊन झाल्यावर म्हणाला, "दया, भय्या लोकास्नी इचारून सोयरीक जमवतूयास व्हय?"

मी म्हणालो, "मग कुणाला इचारू? तितं आपलं हाय कोण?"

"अरे पण त्यास्नी त्यांचं गावबी धड सांगता येत न्हाई, तूच म्हनतूस."

"हां, ते हाय."

"बरं, मला सांग. आपलं घोटावडं कसं हाय, असं कुनी परक्यानं तुला इचारलं, तर तू काय सांगशील?"

मी सांगायला लागलो. ओढ्याच्या वरच्या अंगाला आमची खाचरं, त्याच्या खाली चिंच, चिंचेखाली पाटलाची विहीर. जयसिंग हसायला लागला. त्यातलं एकही आता नाही. चिंच रस्त्यात गेली, विहीर कंपाउंडात गेली. "तुझ्या सांगन्यावरनं पाव्हना आला तर कारखान्याच्या गेटावर धडकंल," म्हणाला.

तो गेल्यावर शालन भांडी आवरता आवरता म्हणाली, "आपलं ठिवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून." मी विचारलं, कुणाला म्हणतेस? म्हणाली, "म्हनलं आपलं. सनाचं चार शब्द बोलू ने का?"

६ एप्रिल, रविवार

फूलमतीची सासू आलीय नौरंगगंजहून. डोळ्याचं ऑपरेशन करायचं आहे पुण्यात. म्हातारी डोळ्याला पदर लावून खोलीच्या दारात बसलेली असते. मी पाहुण्यांना दोन दिवस मुभा देतो, पुढं नाही. हा नियम मी सगळ्यांनाच लावलाय. एकाला सूट दिली की दुसरा बहीण आणतो, तिसरा मेव्हणा, आणि पाणी कुठून आणायचं? फूलमतीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "जी बाबूजी."

आज म्हातारी दिसली नाही. कुठं सोय लागली कोण जाणे. लागली हे बरं झालं. सृष्टीसुद्धा दोन दिवस झाले मैत्रिणीकडे बावधनला आहे, ऑफिसचं काम आहे म्हणे. घर शांत आहे. मला शांतता हवी होती, पण ही असली नको होती.

१२ एप्रिल, शनिवार

आज हो म्हणालो.

फार विचार करून म्हणालो असं नाही. सृष्टी बावधनहून आली, डोळे सुजलेले, झोप झालेली नव्हती. समोर बसली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. इथंच राहीन. पण मग तुम्ही मला रोज बघाल." मला तिची भीती वाटली आणि मायाही आली. म्हणालो, चौकशी चांगली निघालीय, वडील देवमाणूस आहेत, त्यांना बोलाव.

तिने विचारलं, "चौकशी? कुणाकडे केलीत?"

मी मागे हात दाखवला. ती म्हणाली, "पप्पा, ते भाडेकरू आहेत आपले. ते तुम्हाला दुसरं काय सांगणार?"

मला वाटलं तिला आनंद होईल.

२२ एप्रिल, मंगळवार

प्लंबर एकदाचा आला. गळती नाही म्हणाला. मग पाणी जातं कुठं? कैलासने दुसरी किल्ली करून घेतली असणार, हाताचा कारागीर आहे तो. उन्हाळा संपला की खोली खाली करायला सांगावी म्हणतोय. लग्नाच्या गडबडीत नको. शालनला सांगितलं तर ताटावरून उठून गेली.

४ मे, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

मास्टरजी येणार होते अकराला, मनीषला घेऊन. मी इस्त्रीचा शर्ट घालून दहापासून ओट्यावर. पोहे तयार, जयसिंग तयार, शेजारचे दारात. मनीष येऊन गेलेला आहे, तरी त्याला तीनदा फोन करून फाटा समजावला. नवीन माणसाला आमचं घर सापडत नाही.

सव्वाअकरा झाले. तेवढ्यात सौरभ धावत आला, "अंकल, मास्टरजी तो कब के आए हैं. पीछे बैठे हैं."

मी चप्पल न घालता मागे गेलो. कैलासच्या खोलीसमोर खाटेवर एक किडकिडीत म्हातारा बसला होता, पांढरा कुर्ता, मांडीवर पिशवी. हातात स्टीलच्या पेल्यात चहा. सगळ्या खोल्यांची माणसं भोवती उभी. मनीष बाजूला मान घालून. पिरंगुटला बसने उतरून ते चालत आले होते, मनीषलाही वाट विचारायची वेळ आली नाही, म्हणाले. कारखान्याच्या भिंतीला धरून या, भिंत संपली की पत्र्याच्या खोल्या, हे त्यांना नौरंगगंजातच माहीत होतं. तिथल्या अर्ध्या घरांना माहीत आहे.

अख्ख्या आळीने पाहिलं की माझा व्याही आधी भाडेकरूंच्या खाटेवर बसला. मला लाज वाटली. राग आला. दोन्ही लिहितो.

घरात आल्यावर पोहे खाल्ले, शालनचं कौतुक केलं. मग हात धुऊन माझ्याकडे वळले. हिंदी शाळेतल्यासारखं, सावकाश, मला कळेल असं.

"दयानंद जी, बुरा मत मानिएगा. मैंने भी पूछताछ करवाई. बेटा एक ही है."

मी म्हणालो, करायलाच पाहिजे, आमच्यातही करतात.

"पहले फ़ोन पर पूछा, आज सामने बैठकर पूछा. मकान-मालिक कैसे हैं? सबने कहा, देवता आदमी हैं. कैलास ने कहा, फूलमती ने कहा, सौरभ ने भी कहा. वही शब्द." ते थोडं हसले. "मैं उम्र भर मास्टर रहा हूँ. पूरी कक्षा एक ही उत्तर लिख दे, तो मैं समझ जाता हूँ कि नक़ल हुई है."

जयसिंग खोकला. मला कॅलेंडरच्या पाठीवरचा नकाशा आठवत होता.

"फिर मैंने बिटिया का पूछा," मास्टरजी म्हणाले. "कैलास कहता है, बहुत डाँटती है, कचरा इधर-उधर फेंको तो सुना देती है. फूलमती कहती है, अस्पताल में अम्मा के पास दो रात बैठी, अपनी सहेली के घर रखा, आँख में दवा डाली. सौरभ कहता है, दीदी सुबह जब आप घूमने जाते हैं तब पानी खोल देती है. तीन लोगों ने तीन लड़कियाँ बताईं. तब मुझे भरोसा हुआ."

सृष्टी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहू शकलो नाही. सौरभ बाहेर होता, त्याला कळलं असावं की आपण काय बोलून बसलो, कारण त्याची गाडी सुरू होऊन निघून गेल्याचं ऐकू आलं.

मास्टरजी म्हणाले, "रिश्ता हमें मंज़ूर है." मग पिशवीतून शाल काढून सृष्टीच्या खांद्यावर घातली. शालनने ओटी भरली. सगळं रीतसर झालं. जाताना मी त्यांना विचारलं, विचारायला नको होतं, पण विचारलं. तुमच्या गावात तुमच्याबद्दलही सगळे देवता आदमीच म्हणतात, ते कसं?

ते पायरीवर थांबले. चष्मा पुसला. "नाले के उस पार के बच्चों को मैं पीछे बिठाता था," म्हणाले. "सालों तक. कैलास भी वहीं बैठता था. उसने आपको नहीं बताया होगा." आणि मनीषच्या खांद्यावर हात ठेवून उतरले.

५ मे, सोमवार

बीपी घेतलं नाही. दिवसभर पडून होतो.

कैलासला खोली खाली करायला सांगणार होतो. बरं झालं तोंडातून गेलं नाही. शालनला सगळं माहीत होतं. दुसरी किल्ली तिनेच पिरंगुटहून करून आणली होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सांगून बघितलं की. तुमी ऐकून घेत न्हाई, नियम सांगता," ती म्हणाली, रागाने नाही, दमून म्हणाली. आम्ही दोघंही दमलोय, वेगवेगळ्या कारणांनी.

११ मे, रविवार

लग्न डिसेंबरात. पोरं बाणेरला फ्लॅट बघतायत. सृष्टीने आज सकाळी दुसरी किल्ली माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "मी गेल्यावर आई रोज मागे जाऊन कॉक किती दिवस सोडणार? ही तुमच्याकडेच असू दे." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

दोन्ही किल्ल्या खिशात घालून मागे गेलो. कुलूप काढलं, कॉक पूर्ण सोडला, कुलूप कोयंड्यात न अडकवता चेंबरवर तसंच ठेवून दिलं. फूलमती बादली लावून उभी होती. तिला विचारलं, मनापासून विचारलं, पाणी पुरतं का गं? मागच्या उन्हाळ्यात पुरत होतं का?

"बहुत है बाबूजी. कोई दिक्कत नहीं."

कैलास दात घासत होता. त्यालाही विचारलं. त्याने चूळ भरली, सरळ उभा राहिला.

"बहुत है साहब. कोई दिक्कत नहीं."

मग पुढच्या खोलीत विचारलं नाही.